सातवा टेक

आज गुरुवार. जेवणघरात पांढरी चादर ताणतात,
विद्यापीठातला एक पोरगा रिळांचे डबे घेऊन येतो,
आणि आम्ही सगळे, स्टुडिओंनी वापरून ठेवून दिलेले,
खुर्च्या ओढत बसतो.
कॅलिफोर्नियात संध्याकाळ रेंगाळते;
पडदे सारले तरी फटीतून
संत्र्याच्या रंगाचं ऊन शिरतंच.

एकोणचाळीस सालचा विनोदी सिनेमा. कोरा व्हीलनचा.
टेलिफोन एक्स्चेंजमधली मुलगी,
हॉटेलवाले तिला डचेस समजतात,
तिला ते कळेपर्यंत सूप आलेलं असतं.
बस्स, एवढीच गोष्ट. पोस्टकार्डावर मावेल.

मी तिथे होते. एकोणीस वर्षांची अर्डिथ पेल्के,
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही.
कुठल्या टेकमध्ये मेणबत्ती किती जळली,
पाव कुणी किती खाल्ला,
हातमोजे ताटाच्या कुठल्या बाजूला,
सगळ्याची नोंद.
सिनेमा खोटा असतो. तो खोटेपणा
सलग राहावा म्हणून मला आठवड्याला बावीस डॉलर.

पहिल्या टेकला सुपाचं झाकण खरंच तापलेलं होतं.
कुणीतरी दिव्याखाली विसरलेलं.
कोरानं बोटं लावली, किंचाळली,
एकजण बर्फ आणायला धावला.
मी लिहिलं: टेक एक, बाद. कुणी हसलं नाही.
खऱ्याला हसत नाहीत माणसं,
निदान तोंडावर तरी.

बोटांना लोणी फासून ती म्हणाली,
"झाकण गार करा. मला सापडलंय काहीतरी,
पण ते अजून पुढेमागे होतंय."
दोन. तीन. चौथ्यात बिशपचं काम करणारा शिंकला.
पाचव्यात घाई. सहावा दिग्दर्शकाला पसंत,
त्याला जेवायला जायचं होतं. तिला नव्हता.

सातव्यात
ती झाकणाला हात लावते.
काही होत नाही.
वेटरकडे बघून हसते, खानदानी, दोनच दात दाखवणारं.
म्हणते, "यंदा पॅरिसला धुकं फार."
आणि मग, पॅरिस संपल्यावर,
ट्रंक कॉल लागावा तशी
हाताची बातमी वर पोचते.
चेहरा ढिम्म. फक्त डावी भुवई
काय झालं ते बघायला जिना चढून जाते.
हात मात्र, स्वतःच्या अकलेनं,
शेजारच्या बिशपच्या पाण्याच्या पेल्यात जाऊन बसतो.
"तुमची हरकत नाही ना?"
जणू मीठ मागतेय.

स्टॉपवॉच माझ्याकडे होतं म्हणून सांगते:
झाकण ते भुवई, सव्वादोन सेकंद.
दोन असते तर नुसतं हसू आलं असतं.
अडीच असते तर बाई मूर्ख वाटली असती.
त्या पाव सेकंदात एक अख्खी मुलगी राहते,
भाड्याची खोली, उसने हातमोजे,
आणि कुणाला कळू नये म्हणून ताठ धरलेली मान.
लोक म्हणायचे, किती सहज करते!
सहज.
बोटांवरचे फोड महिनाभर होते.

माझ्या शेजारी ऑर्व्हिल टॅन्सी. सेटवर दिवे लावायचा.
मुलगी भेटायला आली की तिला बाईसाहेब म्हणतो,
कुणाकडे आलात विचारतो.
पण कोराचा हात झाकणाकडे निघाला
की हा आधीच हसू लागतो,
खांदे गदगदा हलवत, आवाज न करता.
कॅमेरा चालू असताना आवाज करायचा नाही,
हे अजून आहे त्याच्यापाशी.

आणि मला? मला हातमोजेच दिसतात.
जवळच्या शॉटमध्ये ताटाच्या उजवीकडे,
लांबच्या शॉटमध्ये डावीकडे.
चूक माझी. वहीत त्या ओळीपुढे कोरी जागा आहे.
अठ्ठेचाळीस वर्षांत एकानंही पकडली नाही.
कशी पकडणार?
सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

मीही.